आरशासमोरचा श्वास

वाकलेला कणा बाहेरून ताणून, आवळून सरळ करावयाचा, ही वैद्यकाची फार जुनी रीत. हिपॉक्रॅटिसच्या काळी रुग्णाला फळीवर बांधून ताणीत असत. ड्रेस्डेनच्या कॅथरिनाच्या (जन्म १८९४) वाट्याला १६ व्या वर्षी पोलादी पट्टा आला.

स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता वाकत नाही, पिळलाही जातो. बरगड्या एका बाजूस उंच येतात, दुसरीकडे दबतात. चेपलेला फुगा हवेने फुगतो, मग दबलेली कूस श्वासाने का फुलू नये? मुलगी आरशासमोर उभी राहून नेमका तेथेच श्वास भरू लागली. डॉक्टर नसलेल्या या श्रोथबाईंनी १९२१ साली माइसेनला उपचारगृह काढले. १९६१ पासून कन्या क्रिस्टासह झोबर्नहाइमला.

व्यायामाने बाक समूळ जातो, असे मात्र नव्हे. वाढत्या वयात पट्ट्याचाही उपयोग होतो. २०१३ च्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याअलीकडे राहिला. न वापरणाऱ्यांत ४८ टक्के. फ्रान्सच्या डॉ. शेनो यांच्या पट्ट्यात तर दबलेल्या बाजूस मुद्दाम पोकळी ठेवतात, श्वास भरायला.