मुठेच्या काठी: वाडा, थिएटर आणि रंगमंदिर

इतिहासाच्या आजच्या भागात आपण पुण्याला जाणार आहोत, तेही मुठा नदीच्या काठाकाठाने.

सुट्टीत तुम्ही मुलांना शनिवारवाडा दाखवायला नेता, आणि जमलं तर रात्री बालगंधर्वला एखादं नाटक बघता. दोन ठिकाणांमध्ये चालत जेमतेम वीस मिनिटांचं अंतर. एक जागा इतिहासाची आणि दुसरी करमणुकीची, असं आपण धरून चालतो. पण दोन्हींना एकच प्रश्न विचारून बघा. शहरातली माणसं एकत्र बसून गाणं, नाटक, भाषण ऐकतात, त्या जागेचा मालक कोण, आणि दारातून आत कोणाला सोडलं जातं? आम्हा सल्लागार मंडळींना कुठल्याही कामात मालक कोण आणि वापरणारा कोण, हे आधी विचारायची सवय असते. तीच सवय आज पुण्याच्या इतिहासाला लावूया.

सुरुवात वाड्यापासून. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवार. वाड्याचा मोठा दरवाजा, दिल्ली दरवाजा, उत्तरेला म्हणजे नदीच्या बाजूला आहे. पुढे नानासाहेबांच्या आणि त्यानंतरच्या काळात आत एकेक महाल वाढत गेला. त्यातला गणेश महाल म्हणजे पेशव्यांचा दरबार आणि उत्सवाची जागा. गणेशोत्सवात तिथे कीर्तनं, गाणं, नाच होत असे. हा महाल कसा दिसायचा, हे आपल्याला एका चित्रामुळे कळतं. १७९० साली टिपू सुलतानाविरुद्धच्या तहाच्या वेळी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांसमोर बसला आहे, असं ते चित्र. जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात राहून केलेल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने ते पुढे इंग्लंडमध्ये पूर्ण केलं. चित्रात सरदार, मानकरी, वकील दाटीने बसलेले दिसतात. ज्याला आमंत्रण तो आत. पेठेतल्या तांबटाला किंवा विणकराला तिथे जागा असण्याचं कारणच नव्हतं. मालक पेशवा, आणि रसिकही पेशव्याने बोलावलेला.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतले महाल जळून गेले. आज तुम्ही मुलांना जी दगडी जोती दाखवता, त्यांवर ही गाणी झाली होती.

दरबार गेला की कलावंताने जायचं कुठे? उत्तर काही काळ छोट्या संस्थानांनी दिलं. सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं. पण १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि तो आश्रयही संपला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाच्या इतिहासातलं हे मोठं वळण म्हणायला हवं. राजाच्या मर्जीवर चाललेली कला आता लोकांच्या खिशावर चालणार होती.

हेच वळण पुण्यात आलं ते बुधवार पेठेत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी तिथल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. ज्या शहरात पन्नास-साठ वर्षांपूर्वी गाण्याची बैठक वाड्याच्या आत होती, तिथे आता पैसे मोजणारा माणूस खुर्चीवर बसून कालिदास मराठीत ऐकत होता. १८९३-९४ पासून गणपतीही वाड्या-महालांतून चौकात आला. मंडप रस्त्यावर, मेळे रस्त्यावर, आणि ऐकायला तिकीटही नाही. विसर्जनाला सगळे त्याच मुठेवर. पुढे शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात मोठमोठ्या राजकीय सभा होऊ लागल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांनी ते पटांगण गाजवलं. ज्या दरवाजातून आमंत्रणाशिवाय आत जाता येत नव्हतं, त्याच्याच समोर आता सारं शहर बसत होतं.

मात्र तिकिटावर चालणाऱ्या खाजगी रंगभूमीचं दुखणं वेगळं होतं. तिथे मालक म्हणजे कंपनी, आणि कंपनी बुडाली की रंगमंच बुडाला. याचं सर्वांत ठळक उदाहरण नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. १९१३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. खरे भरजरी शालू, उंची अत्तरं, डोळे दिपवणारे पडदे; प्रेक्षकाला देव मानून त्यांनी खर्च केला आणि कर्जाचा डोंगर झाला. त्यात १९३२ पासून मराठी बोलपट आले. एकामागून एक नाट्यगृहांत पडद्यावरचे खेळ सुरू झाले. खुद्द बालगंधर्वांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. मालकाच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: नाटकाला रोज नट, वादक, पडदे ओढणारी माणसं लागतात, बोलपटाला एक यंत्र पुरतं. त्या हिशेबात नाटकाला जागा उरेना.

आता येतो या कथेचा तिसरा मालक. १९५० साली पुणे महापालिका स्थापन झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचा बांधही गेला आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. पूल पाण्याखाली गेले, नदीकाठची घरंच्या घरं वाहून गेली. तुमच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी त्या दिवसाच्या आठवणी सांगितल्या असतील. या आपत्तीला सव्वा वर्ष होत नाही तोच, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, त्याच नदीच्या पलीकडच्या काठाजवळ महापालिकेच्या नाट्यगृहाचं भूमिपूजन झालं. पूजा केली चौऱ्याहत्तर वर्षांच्या बालगंधर्वांनी. आपली कंपनी टिकवू न शकलेला नट नागरिकांच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या रंगमंदिराचा पाया घालत होता. त्यानंतर बाराच दिवसांनी चीनशी युद्ध सुरू झालं. अशा काळात नाट्यगृह कशाला, असं म्हणणं सोपं होतं. तरीही काम पुढे गेलं. त्याच्या आखणीत पु. ल. देशपांड्यांनी मनापासून लक्ष घातलं होतं.

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. अकरा महिन्यांनी, त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते बालगंधर्व रंगमंदिर खुलं झालं.

त्यानंतर तिथे काय काय झालं, ते पाहा. सकाळी शाळेचं संमेलन, दुपारी लावणीचा खेळ, रात्री व्यावसायिक नाटक. एकाच रंगमंचावर, एकाच दिवशी. कलादालनात नव्या चित्रकाराचं प्रदर्शन. मध्यंतरात बटाटेवडा. लावणीचा प्रेक्षक आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक एकाच जिन्यावरून चढतो, कारण जागा दोघांच्याही करातून उभी आहे. अर्थात एकट्या महापालिकेनेच सगळं केलं असं नाही. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर चालवणाऱ्या संस्थेची मुळं १८९४ सालची, आणि १९६३ पासून तिथे रंगणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन मुलांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या. पण तारीख मिळाली की कोणालाही उभं राहता येईल असा मोठा रंगमंच शहराने स्वतःच्या नावावर बांधला, तो मुठेकाठी.

गेली काही वर्षं या इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा आहे. महापालिका म्हणते, वास्तू जुनी झाली, सोयी अपुऱ्या आहेत. अनेक कलावंत आणि रसिक म्हणतात, पाडू नका, दुरुस्त करा. दोन्ही बाजूंना म्हणणं आहे. पण आत्ता सांगितलेल्या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. इमारत नवी असो वा जुनी, हौशी संस्थेला परवडेल अशा भाड्यात तारीख मिळणार आहे का? दुकानांचं उत्पन्न महत्त्वाचं झालं आणि रंगमंच मागे पडला, तर आपण पुन्हा बोलपटांच्या काळातल्या मालकाच्या हिशेबावर येऊ.

आपल्याला हे दुबईत बसून जास्त कळायला हवं. आपल्या अल क्वोजमध्ये गोदामांच्या गल्लीत २००८ पासून अलसरकाल अव्हेन्यू उभं राहिलं. एका कुटुंबाने आपली जागा चित्रकारांना, नाट्यकर्मींना खुली केली, आणि ते फार चांगलं झालं. पण आपला गणेशोत्सव, दिवाळी पहाट, बालनाट्य आपण बहुतेक वेळा शाळांच्या सभागृहांत भाड्याने करतो. तारीख त्यांच्या सोयीने, वेळ संपली की दिवे बंद. दुसऱ्याच्या मर्जीवरचा रंगमंच म्हणजे काय, हे तालमीसाठी बैठकीच्या खोलीतलं सामान हलवणाऱ्या प्रत्येकाला इथे माहीत आहे.

तर यंदा पुण्याला गेलात की असं करा. सकाळी दिल्ली दरवाजापासून निघा. नदीकडे वळून १७३८ च्या सुमाराचं ओंकारेश्वराचं देऊळ बघा. पूल ओलांडून बालगंधर्वला या. तिथून जंगली महाराज रस्त्याने पाच-दहा मिनिटांवर आठव्या शतकातली पाताळेश्वरची लेणी आहेत, तीही दाखवा. पाय दुखले तर संभाजी उद्यानाचं मेट्रो स्थानक जवळच आहे. वाटेत मुलांना विचारा: वाड्यातल्या महालात आपल्याला कोणी येऊ दिलं असतं का? मग रंगमंदिराच्या खिडकीवर रांगेत उभे राहा आणि रात्रीच्या प्रयोगाची तिकिटं मुलांनाच काढू द्या.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!