सात साक्रामेंते आणि १७३९ नंतरची वसई

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, इथवरचा इतिहास आपल्याला पाठ असतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या राज्याच्या आश्रयाने इथे ख्रिस्ती धर्म रुजला ते राज्यच गेलं. युरोपीय मठवासीही गेले. मग इथला समाज कॅथलिक राहिला कसा?

नुसतं ‘श्रद्धेमुळे’ म्हणून भागत नाही. कॅथलिक श्रद्धा साक्रामेंतांतून चालते. ती सात आहेत, हे त्रेंतच्या धर्मसभेने १५४७ मध्ये ठामपणे सांगितलं: स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा, विवाह. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, सगळ्या रोजच्या घरातल्या वस्तू! डोळ्यांना दिसणारी खूण, आणि तिच्यातून न दिसणारी कृपा. पण ती कुणाच्या तरी हातून यावी लागते. बाळ दगावत असेल तर सुईणसुद्धा स्नानसंस्कार देऊ शकते. मिस्सा, पापक्षमा, आजाऱ्याला तेल, यांना मात्र धर्मगुरूच लागतो. आणि धर्मगुरू घडवायला बिशप.

आता जपानकडे पाहा. आपला वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. (तो फ्रान्सिस्कन बंधू होता, त्याला गुरुदीक्षा नव्हती.) पुढे तिथे धर्मगुरूच उरले नाहीत. लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षं मुलांना स्नानसंस्कार दिला, १८६५ मध्ये ती पुन्हा प्रकट झाली. पण मधल्या पिढ्यांना मिस्सा मिळाली नाही.

वसईत तसं झालं नाही. मराठी अमलात देवळं पडली, जमिनी गेल्या, पण पूजाविधी थांबले नाहीत, कारण गोव्याहून आलेले एतद्देशीय धर्मगुरू होते. म्हणून मी म्हणतो, वसईला तारणारं साक्रामेंत कोणतं, तर गुरुदीक्षा. हे आपण फारसं बोलत नाही. आपल्याला लग्नाचे फोटो आवडतात!

आणखी एक. मिस्सा लॅटिनमध्ये चालायची, ती मराठीत आली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात. पण पापकबुली लॅटिनमध्ये कोण देणार? कुपारी बाई आपलं मन आपल्याच बोलीत मोकळं करणार. म्हणजे धर्मगुरूच्या कानाला ती बोली कळायलाच हवी. लोकभाषा चर्चमध्ये आधी शिरली ती वेदीवरून नव्हे, कबुलीच्या खुर्चीजवळून.

दृढीकरण सहसा बिशपांच्या हातून होतं, आणि बिशप दूर, आधी गोव्याला, नंतर मुंबईला. १९९८ मध्ये वसई वेगळा धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, आपल्या भुईगावचे.