खान्देशातील तारवाद्ये आणि स्वरमेळाची वाट

१९०६ साली पूर्व आणि पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या, आणि आज मुख्यतः जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत सामावलेल्या खान्देशाची गायनपरंपरा एकाच सुरावटीवर उभी आहे. कितीही कंठ एकत्र आले तरी ते एकच चाल गातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी असोत, श्रावणातील कानबाईची गाणी असोत की डफ-ढोलकीच्या साथीने रंगणारे वहीगायन असो, एकाने ओळ टाकायची आणि इतरांनी ती उचलायची, ही रीत सर्वत्र आढळते. मुक्ताईनगराहून पंढरपूरला जाणाऱ्या मुक्ताईच्या वारीत वीणेकऱ्याच्या गळ्यात तारवाद्य असते खरे, परंतु त्याच्या तारा मोकळ्याच छेडल्या जातात आणि त्यांचे काम गाणाऱ्याला आधारस्वर देण्याचे, एवढेच असते. तीन किंवा अधिक भिन्न स्वर एकाच वेळी वाजवून त्यांचा मेळ साधायचा, म्हणजे वादकांच्या भाषेत कॉर्ड धरायची, ही कल्पना या परंपरेत नव्हती. ती बाहेरून आली, आणि ज्या टप्प्यांनी आली त्यांचा इतिहास युकुलेलेसारखे वाद्य हाती घेणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी आहे.

पहिला टप्पा पेटीचा. बालगंधर्वांनी बालपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे संगीताचे धडे घेतले, आणि पुढे त्यांनी गाजवलेल्या मराठी रंगभूमीवर पेटी आणि ऑर्गन ही मुख्य साथीची वाद्ये ठरली. या वाद्यांच्या पट्ट्यांवर एका वेळी अनेक स्वर दाबता येत असले, तरी साथीदाराने त्यांचा उपयोग प्रायः गायकामागून तीच चाल वाजवण्यासाठी केला. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, परंतु भजनी मंडळांतून पेटी हलली नाही; त्यामुळे पट्ट्यांच्या रूपाने बारा स्वरांचा नकाशा खेड्यापाड्यांतील हातांच्या परिचयाचा झाला, आणि पुढील सर्व घडामोडींचा पाया हाच परिचय होता असे मानण्यास जागा आहे.

दुसरा टप्पा बुलबुलतरंगाचा. मराठी मुलखात ज्याला सर्रास बेंजो म्हणतात ते हे वाद्य, जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली घडवलेल्या ताइशोगोतोपासून उतरले आहे. टंकलेखन यंत्रासारखी कळ दाबताच ती चालीच्या सर्व तारांना एकाच ठिकाणी अडवते आणि उजव्या हातातील नखी त्या तारा छेडते. म्हणजे तारा अनेक असूनही चाल एकच राहते, बाजूच्या तारा केवळ आधारस्वर देतात, आणि वीणेच्या सवयीत वाढलेल्या कानाला हे वाद्य परके वाटत नाही. ध्वनिवर्धकाला जोडलेला बेंजो वरातीत वाजू लागला तो याच गुणामुळे. वरातीतील गाणी मात्र बहुतांशी चित्रपटांची होती, आणि त्या गाण्यांच्या मुंबईतील वाद्यरचनेत गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संगीतकारांनी कॉर्ड मुरवली होती. बँडवाल्याने चाल उचलली. तिच्यामागचा स्वरमेळ मात्र मुंबईच्या ध्वनिमुद्रिकेतच राहिला. बहिणाबाई चौधरींच्या, जात्यावरच्या ओवीच्या वळणाने बांधलेल्या रचना १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात आल्या, तेव्हा खान्देशाची स्वतःची शब्दकळाही चित्रपटाच्या वाद्यवृंदात जाऊन बसली.

युकुलेलेची घडण बुलबुलतरंगाच्या नेमकी उलट आहे. मदेरा बेटावरील पोर्तुगीज सुतार १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ या जहाजाने होनोलुलूला उतरले आणि त्यांच्याबरोबर आलेल्या माशेत नावाच्या छोट्या तारवाद्यापासून हवाई बेटांवर युकुलेले तयार झाले. त्याच्या चार तारा चार निरनिराळ्या स्वरांत लावतात आणि प्रत्येक तार स्वतंत्रपणे अडवता येते. पांढरी एक हा षड्ज धरल्यास वरून खाली, म्हणजे वादकाच्या हनुवटीकडून गुडघ्याकडे, मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा बोलतात. पेटी शिकलेल्या विद्यार्थ्याला ऑगमेंटेड कॉर्ड येथूनच समजावून देता येते. सा-ग-प या नेहमीच्या मेजर कॉर्डमधील पंचम सोडून त्याच्या जागी कोमल धैवत घेतला की ती होते. त्यासाठी तर्जनी सर्वांत वरच्या तारेच्या पहिल्या घरात ठेवायची, म्हणजे पंचमाचा कोमल धैवत होतो. अनामिका सर्वांत खालच्या तारेच्या तिसऱ्या घरात ठेवायची, म्हणजे धैवताचा वरचा षड्ज होतो. मधल्या सा आणि ग या तारा मोकळ्या ठेवायच्या.

अडचण बोटांची नाही, कानाची आहे. हिंदुस्थानी पद्धतीत षड्ज आणि पंचम हे अचल स्वर, आणि येथे पंचमच हरवतो. शिवाय सा ते ग, ग ते कोमल ध आणि कोमल ध ते वरचा सा ही तिन्ही अंतरे सारखीच, चार-चार अर्धस्वरांची असल्याने तिन्हींपैकी कोणताही स्वर आधार मानता येतो आणि चाल कोठे विसावणार हे कळत नाही. याच समानतेमुळे संपूर्ण आकृती चार घरे पुढे सरकवली तरी तेच तीन स्वर मिळतात, आणि सर्व बारा स्वरांवरच्या ऑगमेंटेड कॉर्ड मिळून प्रत्यक्षात चारच वेगळे स्वरसंच होतात. भैरव रागात सा, ग आणि कोमल ध हे तिन्ही स्वर आहेत, त्यामुळे ते खान्देशी कानाला मुळीच अनोळखी नाहीत. परंतु भैरवातील धैवत आंदोलित असतो आणि पंचमाकडे झुकतो, तर युकुलेलेच्या पडद्यावर तो ताठ उभा राहतो. म्हणून विद्यार्थ्याने ही कॉर्ड एकटी घोकू नये. सा-ग-प, मग सा-ग-कोमल ध, आणि त्यानंतर सा-म-शुद्ध ध असे क्रमाने वाजवावे, म्हणजे पंचमापासून धैवतापर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत जाणारी ओळ ऐकू येते आणि या कॉर्डचे प्रयोजन कळते.

जळगाव-धुळ्याच्या संगीतवर्गांनी कॉर्डची इंग्रजी अक्षरे पाठ करून घेण्याआधी तिचे स्वर सरगमेतून गाऊन घ्यावेत. वरातींत बेंजो वाजवलेले जुने वादक हयात आहेत तोवर, त्यांनी चाली कानाने कशा उचलल्या याच्या नोंदीही स्थानिक अभ्यासकांनी करून ठेवाव्यात.