सभासद-यादीची जोडणी: एन-एट-एन आणि पोस्टग्रेस

मंडळाची सभासद-यादी पोस्टग्रेसमध्ये असेल आणि वर्गणीची किंवा गणेशोत्सवाची पत्रे एन-एट-एनमधून आपोआप पाठवायची असतील, तर आधी ‘क्रेडेन्शियल’ तयार करावे लागते. त्यात होस्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड आणि पोर्ट (बहुधा ५४३२) भरायचे. डेटाबेस दुसरीकडे असेल तर एसएसएलही चालू करा.

बहुतेकांचे घोडे होस्टपाशी अडते. एन-एट-एन डॉकरमध्ये चालत असेल तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तुमचा संगणक नव्हे, तो कंटेनर स्वतःच! डेटाबेसही त्याच कंपोज फाइलमध्ये असेल तर तिथले सर्व्हिसचे नाव लिहा.

युजर म्हणून ‘पोस्टग्रेस’ हा सर्वाधिकारी मात्र देऊ नका. यादीत घरोघरचे पत्ते, फोन, मुलांची वये असतात. वर्कफ्लोमधल्या एका चुकीने सगळी पुसली जाईल. पत्रांसाठी यादी नुसती वाचायची असते, तेव्हा फक्त ‘सिलेक्ट’चा अधिकार असलेला वेगळा युजर करा.

पासवर्ड सांकेतिक रूपात साठवला जातो. तो उलगडणारी किल्ली तुम्ही स्वतः दिली नसेल, तर ती ‘.एन८एन’ फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये असते. सर्व्हर बदलताना ती मागे राहिली की सगळी क्रेडेन्शियल्स पुन्हा भरा! नव्या कार्यकारिणीकडे कारभार सोपवताना किल्ली जपून द्या आणि डेटाबेसचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.