सेमांगुम : एका नावाची गोष्ट

भूमीवर ताबा मिळवण्याआधी तिला नाव द्यावे लागते. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘सेमांगुम’ हे असेच एक नाव. मानग्योंग आणि किमजे या भाताच्या दोन जुन्या मैदानांच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन, त्याला ‘नवे’ या अर्थाचा ‘से’ जोडून ते घडवले गेले. १९९१ साली समुद्रात भिंत घालण्यास आरंभ झाला, तेव्हा तेथे मैदान मात्र नव्हते. दोन नद्यांच्या मुखाशी पसरलेला चिखल होता आणि त्यावर रोज भरती चढत होती.

त्या चिखलावर शिंपले वेचणाऱ्या स्त्रिया जगत होत्या आणि ग्रेट नॉटही. तुतवाराच्या कुळातला हा लहान पक्षी दरवर्षी वायव्य ऑस्ट्रेलियातून पाच हजारांहून अधिक किलोमीटर अखंड उडत पीत समुद्राच्या काठी उतरतो. शिंपले खाऊन चरबी साठवली, तरच त्याला पुढे सैबेरियातील विणीचे माळ गाठता येतात.

२००३ साली चार धर्मगुरूंनी, दोन ख्रिस्ती आणि दोन बौद्ध, या किनाऱ्यापासून सोलपर्यंतची सुमारे ३०० किलोमीटरची वाट तीन पावले आणि एक दंडवत अशी ६५ दिवसांत पार केली. दंडवत घालीत पंढरीस निघालेला वारकरी ज्याने पाहिला असेल, त्याला या निषेधाचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या बाजूने कौल दिला. एप्रिलमध्ये तेहतीस किलोमीटरच्या भिंतीतली शेवटची फट बुजली.

‘पक्षी दुसरीकडे जातील,’ असे तेव्हा म्हटले जात होते. पण शेजारच्या किनाऱ्यांवर त्यांची तेवढी भर आढळली नाही, आणि ऑस्ट्रेलियातील मोजणीतही घट दिसली. २०१५ साली ग्रेट नॉट जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरला.

ज्या भातासाठी हे सारे आरंभले, त्याचे काय झाले? २००८ साली आराखडा बदलला आणि बहुतांश जमीन शेतीखेरीज अन्य उपयोगांसाठी राखली गेली. नावातले मैदान नावातच राहिले.

२०२१ साली कोरियाचे भरती-ओहोटीचे किनारे जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. त्यात सेमांगुमच्या उत्तरेचा सोचोन आहे, दक्षिणेचा कोचांग आहे. मधला सेमांगुम नाही. ज्या चिखलाला त्या दिवशी वारसा हे नाव मिळाले, तोच चिखल पंधरा वर्षांपूर्वी केवळ भावी जमीन होता.