फुंकर, मुंग्या आणि मंद लाईट

कॅसेट काढायची, उलटी धरायची, खालच्या फटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत माउथ ऑर्गन वाजवल्यासारखी फुंकर मारायची आणि पुन्हा खटकन बसवायची. उमरीत ज्यांच्या घरी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडला गेला, त्या सगळ्या पोरांना हा विधी येत होता. तो कुठल्या कागदावर छापलेला नव्हता. ज्यानं पाहिलं त्यानं पुढच्याला सांगितलं, एवढंच. गंमत म्हणजे तेव्हा अमेरिकेतली आणि रशियातली पोरंही हेच करत होती. पण त्यांचं आणि आपलं यंत्र एकाच कारणानं बंद पडत नव्हतं.

मूळ यंत्र जपानचं. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोनं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तो घडवणाऱ्या अभियंत्यांचे प्रमुख होते मासायुकी उएमुरा. कॅसेट वरून बसायची आणि तिला ६० पट्ट्या असायच्या. १९८५मध्ये हेच यंत्र अमेरिकेत गेलं तेव्हा त्याचं रूप बदललं. तिथं व्हिडिओ गेमचा धंदा नुकताच बुडाला होता, म्हणून यंत्र व्हीसीआरसारखं दिसेल असं केलं. कॅसेट समोरून सारायची आणि खाली दाबायची. पट्ट्या ७२ झाल्या, शिवाय आत कुलपाची एक चिप आली. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं जमलं नाही, की ती दर सेकंदाला यंत्र नव्यानं सुरू करायची. लाल दिवा लुकलुकत राहायचा. परवानगीशिवाय कुणी गेम बनवू नये म्हणून लावलेलं ते कुलूप वापरून सैल झालेल्या पट्ट्यांमुळे खऱ्या गिऱ्हाइकालाच बाहेर ठेवू लागलं.

जपानी यंत्राला मात्र कुलूप नव्हतं. त्यामुळे त्याच्या नकला सोप्या झाल्या. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांतून त्या जगभर गेल्या. रशियात १९९२च्या शेवटी ‘डेंडी’ आला, पोलंडमध्ये ‘पेगासस’. आपल्याकडे खोक्यावरचं नाव दुकानागणिक बदलायचं, आतला जीव तोच. म्हणजे उमरीतल्या यंत्राचा दिवा लुकलुकायचं कारणच नव्हतं. आपले बिघाड वेगळे होते, आणि ते पडद्यावर वाचता यायचे.

पडद्यावर नुसत्या मुंग्या असतील, तर कॅसेटचा काही दोष नाही. हे यंत्र म्हणजे घरातलं बारकं प्रक्षेपण केंद्रच. चित्र आणि आवाज एखाद्या चॅनेलच्या लहरींवर चढवून ते अँटेनाच्या वायरीतून टीव्हीकडे पाठवतं. टीव्ही त्या चॅनेलवर नसेल, तर मुंग्या. त्यासाठी टीव्हीचं ट्यूनिंग केसभर इकडे-तिकडे फिरवायचं.

मुंग्या गेल्या, पण पडदा एकाच रंगाचा राहिला किंवा चौकोनांचा कचरा दिसला, तर कॅसेट बघायची. तिच्या आत मुख्यतः दोन चिप असतात. एकीत खेळाचा प्रोग्रॅम, दुसरीत चित्रांचे तुकडे. प्रोग्रॅमकडे जाणारी पट्टी टेकली नाही, तर खेळ सुरूच होत नाही. चित्रांची पट्टी टेकली नाही, तर खेळ चालतो, उडीचा आवाजही येतो, पण मारिओच्या जागी भलतेच ठोकळे पळतात.

मग फुंकरीनं काय व्हायचं? धूळ थोडी उडायची. खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून परत बसवण्यानं. पट्ट्या एकमेकींवर घासायच्या, वरचा काळपट थर खरवडला जायचा आणि स्पर्श जुळायचा. श्रेय मात्र तोंडाला मिळायचं. उलट श्वासातल्या ओलीनं पट्ट्या गंजतात; निन्टेंडोनंही कॅसेटला फुंकू नका असंच सांगितलं होतं. खोडरबरानं हलकं पुसणं, नाहीतर कापसाला स्पिरिट लावून पुसणं हा बरा उपाय.

तिसरा बिघाड आपल्या भागाचा. दिवा लागायचा, खेळ सुरू व्हायचा आणि मध्येच गोठायचा. आमच्या घरी हे नेमकं संध्याकाळी व्हायचं आणि दोष धाकट्या भावावर यायचा. “तूच हाणलंस बटण!” म्हणून त्यानं मार खाल्ला. बल्ब पिवळा पडलेला सगळ्यांना दिसत होता, पण त्याचा गेमशी संबंध कुणी जोडला नाही.

तो असा जोडता येतो. अशा यंत्राला साधा ९ व्होल्टचा अडॅप्टर लागायचा आणि आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करायचा. त्यासाठी त्याला साधारण ७ व्होल्ट तरी मिळावे लागतात. घरात २३० व्होल्ट असताना अडॅप्टर ९ देत असेल, तर १५० झाल्यावर ढोबळ त्रैराशिकानं ६च्या आसपासच उरतात. दिवा तेवढ्यावर जळतो, चिप मात्र अडखळते. म्हणून रात्री उशिरा, लाईट जोरात आल्यावर, तेच यंत्र कुणी हात न लावता नीट चालायचं.

पुढच्या नकला आणखी स्वस्त झाल्या. वेगवेगळ्या चिपांचं काम एकाच चिपमध्ये आलं आणि ती बोर्डावर काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गेली. टीव्ही दुरुस्त करणारा माणूस वायर जोडू शकायचा, रेग्युलेटर बदलू शकायचा. त्या थेंबापुढं त्याचाही इलाज संपायचा. आज हातातला मोबाईल असाच बंद आहे. फरक इतकाच, की त्याला फुंकर मारायलाही फट नाही.

निन्टेंडोनं २००३मध्ये मूळ यंत्राचं उत्पादन थांबवलं. जगभरात ६ कोटी १९ लाख यंत्रं विकली गेल्याची नोंद कंपनीकडे आहे. आपल्या घरातलं त्यात नाही. त्याची नोंद माळ्यावरच्या पिशवीत सापडते. आमची एक कॅसेट अजून आहे. तिच्या पट्ट्यांवर हिरवे डाग आहेत, मधे दाट आणि टोकांना विरळ. भावानं त्या मारानंतर लाईट मंद असताना जितक्या फुंकरा मारल्या, त्यांतल्या काहींचे तरी ते असतील.