हार्डविक हॉल : एका स्त्रीने बांधलेले घर

इंग्लंडमधील जुन्या दगडी वाड्यांच्या इतिहासात बहुधा राजे आणि सरदार यांचीच नावे आढळतात. डर्बीशायर परगण्यातील हार्डविक हॉल मात्र एका स्त्रीने उभारला. तिचे नाव एलिझाबेथ. इतिहासात ती ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणून प्रसिद्ध आहे.

बेताच्या ऐपतीच्या जमीनदार घराण्यात ती जन्मली. चार वेळा तिचा विवाह झाला आणि चारही वेळा तिला वैधव्य आले. तेथील त्या वेळच्या कायद्याप्रमाणे विवाहितेच्या मिळकतीवर पतीची सत्ता चाले. विधवेला मात्र स्वतःचा कारभार पाहता येई. १५९० साली चौथा पती, श्रूजबरीचा अर्ल, वारला. त्याच वर्षी या वाड्याचे काम सुरू झाले होते. तेव्हा तिची साठी उलटली होती! १५९७ मध्ये ती तेथे राहावयास गेली.

आराखडा रॉबर्ट स्मिथसन याचा मानतात. दगड तिच्याच जमिनीतील खाणीचा. वाड्याला सहा मनोरे आहेत. खिडक्या मजल्यागणिक मोठ्या होत जातात, कारण मानाची दालने सर्वांत वर आहेत. काच त्या काळी फार महाग. म्हणून एवढ्या काचा हे वैभवाचेच प्रदर्शन होते. बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या राहाव्यात म्हणून बरीचशी धुराडी मधल्या जाड भिंतीत घेतली आहेत. बाहेरची मांडणी सारखी दिसावी म्हणून काही खिडक्या तर नुसत्या दिखाऊ आहेत!

स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि मेजवानीचे दालन सर्वांत वर. ताटे घेऊन तो लांबलचक दगडी जिना चढणाऱ्या नोकरांचे पाय किती दुखत असतील, हे आपल्याला सांगावयास नको.

बाई हिशेबालाही पक्की. १५९२ मध्ये तिने तेरा विणीव चित्रपडदे विकत घेतले. त्यांवर आधीच्या मालकाचे कुलचिन्ह होते. ते झाकून आपले चिन्ह घालावे लागणार, म्हणून तिने पाच पौंड कमी करून घेतले!

मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने आपल्या नावाची ‘ई’ आणि ‘एस’ ही आद्याक्षरे दगडात कोरविली. ती आजही दुरून दिसतात. १९५९ पासून हा वाडा नॅशनल ट्रस्टकडे आहे.

घर चालविते बाई, पण दारावरील पाटी बहुधा दुसऱ्याच्या नावाची असते. ती अक्षरे आठवून, आज घरी परतताना आपण आपल्या दारावरील पाटी एकदा वाचून पाहावी.